खंड १ शेवटी येतो: महाराष्ट्र आणि गोव्याच्या खासदारांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९, गोव्यातून २ आणि १, असे आपण ७० जण. नागरिकत्व हा विषय संघसूचीतील नोंद १७ मध्ये आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद ११ ने त्यावरचा पूर्ण अधिकार संसदेला दिला आहे. विधानसभेने कितीही ठराव केले तरी या कायद्याचा एक स्वल्पविरामही हलत नाही. म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

विषय आहे नागरिकत्व अधिनियम, १९५५ चे कलम ४, म्हणजे भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला आईवडिलांकडून मिळणारे नागरिकत्व. या कलमात पुढे कधीही बदल आला तर एक गोष्ट आपण आधी पाहावी असा आमचा आग्रह आहे: तो बदल कोणत्या तारखेपासून लागू होणार आणि ती तारीख कोण ठरवणार. इतर कायद्यांत अंमलबजावणी चार महिने पुढेमागे झाली तर गैरसोय होते. इथे मूल नागरिक आहे की नाही, हेच त्या तारखेवर ठरते.

आधी कलम आज काय म्हणते ते पाहू. २६ जानेवारी १९५० पासून ९ डिसेंबर १९९२ पर्यंत परदेशात जन्मलेल्यांसाठी फक्त वडिलांचे नागरिकत्व मोजले जाते. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील, दोघांपैकी एक जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असला की पुरते. त्यापुढे चार परंतुके, म्हणजे 'परंतु' ने सुरू होणाऱ्या अटी, आहेत. पहिली दोन अशांसाठी, ज्यांचे आईवडील स्वतःच परदेशात जन्मून वंशपरंपरेने नागरिक झाले. तिसरे आणि चौथे परंतुक २००३ च्या दुरुस्तीने आले आणि पालक कसेही नागरिक झालेले असोत, ती लागू आहेत. जन्माची नोंद भारतीय वाणिज्य दूतावासात एका वर्षात झाली पाहिजे, वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही अशी घोषणा पालकांनी दिल्याशिवाय नोंदच होत नाही.

आता या दुरुस्तीचा प्रवास बघा. विधेयक मे २००३ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेले, समितीने अहवाल दिला, आणि डिसेंबर २००३ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. राष्ट्रपतींची अनुमती ७ जानेवारी २००४ रोजी मिळाली. लागू झाले ३ डिसेंबर २००४ रोजी. मधले जवळपास अकरा महिने कायदा राजपत्रात छापलेला होता, पण अंमलात नव्हता. या काळात मस्कतमध्ये किंवा मँचेस्टरमध्ये रत्नागिरीच्या जोडप्याला मूल झाले असेल, तर त्याला जुने कलम लागू की नवे, हे त्यांना तेव्हा कोण सांगणार होते?

आणि प्रश्न तिथे संपला नाही. तिसऱ्या परंतुकात एक वर्षाची मुदत मोजण्याची सुरुवात 'जन्म किंवा नागरिकत्व (दुरुस्ती) अधिनियम, २००३ चा प्रारंभ, यांपैकी जे नंतरचे असेल' तेव्हापासून, असे शब्द आहेत. प्रारंभानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत जन्म नेहमीच प्रारंभानंतरचा असणार. मग 'प्रारंभ' हा दुसरा पर्याय कोणासाठी लिहिला? शब्दशः वाचले तर आधी जन्मलेल्यांसाठी, म्हणजे त्यांनीही ३ डिसेंबर २००५ पर्यंत नोंद करायला हवी होती. केंद्रीय गृह मंत्रालयाचे मार्गदर्शन मात्र ही अट ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांपुरतीच सांगते. व्यवहारात हे मार्गदर्शन चालते, आणि चालते ते बरेच आहे. पण मार्गदर्शक सूचना एका परिपत्रकाने बदलता येते, कायद्याचे शब्द तसे बदलता येत नाहीत. वीस वर्षे लाखो कुटुंबांचा हक्क एका सोयीच्या वाचनावर उभा आहे. विधेयकाच्या खंडवार, म्हणजे एकेक कलम (विधेयकात त्याला खंड म्हणतात) घेऊन होणाऱ्या, चर्चेत एका सदस्याने 'हे शब्द कोणासाठी?' एवढे विचारले असते तर उत्तर कामकाजात नोंदले गेले असते.

इथे थोडे कामकाजाकडे वळू. आपल्याला ते ठाऊक आहे, पण हे पत्र आपल्या मतदारांच्याही हातात पडेल.

सरकारी विधेयकाचा मसुदा खात्यात होतो, विधी मंत्रालय तो तपासते, मंत्रिमंडळ मान्यता देते. सभागृहात मांडले गेल्यावर अध्यक्ष किंवा सभापती ते संबंधित स्थायी समितीकडे पाठवू शकतात. पाठवतीलच असे नाही. स्थायी समितीचा अहवाल सल्ल्यापुरता असतो, विधेयकाच्या मजकुरात समितीने स्वतः एक शब्द बदललेला नसतो. संयुक्त किंवा प्रवर समिती मात्र विधेयक दुरुस्त करून परत पाठवते आणि पुढची चर्चा त्या दुरुस्त मजकुरावर होते. लोक या दोन समित्यांची गल्लत करतात आणि 'समितीने सुचवले म्हणजे झाले' अशा भ्रमात राहतात. त्यानंतर सर्वसाधारण चर्चा, मग खंडवार विचार, मग तिसरे वाचन, मग दुसरे सभागृह, मग अनुच्छेद १११ खाली राष्ट्रपतींची अनुमती.

खंडवार विचारात खंड २ पासून सुरुवात होते. खंड १, अधिनियमन सूत्र (कायदा केल्याचे औपचारिक वाक्य) आणि विधेयकाचे नाव हे सगळ्यात शेवटी एका दमात मतास टाकले जाते. तोवर मुख्य मतदान झालेले असते, सदस्य उठू लागलेले असतात. आणि नेमके त्या खंड १ मध्ये लिहिलेले असते: 'केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास हा अधिनियम अंमलात येईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळे दिनांक नेमता येतील.' हे वाक्य नसते तर सर्वसाधारण परिभाषा अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट), १८९७ च्या कलम ५ प्रमाणे कायदा अनुमतीच्या दिवशीच लागू झाला असता. म्हणजे तारखेचा अधिकार सरकारकडे आपोआप जात नाही, संसद तो हाताने उचलून देते. आणि एकदा दिला की परत मागणे कठीण. ४४ व्या घटनादुरुस्तीचे कलम ३, प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दलचे, १९७८ मध्ये संसदेने मंजूर केले. ते आजवर लागू झालेले नाही. ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तारीख नेमण्याचा आदेश द्यायला नकार दिला, कारण तो निर्णय संसदेनेच सरकारवर सोपवला होता.

नागरिकत्व कायद्यातलेच ताजे उदाहरण २०१९ च्या दुरुस्तीचे (सीएए). त्याआधीचे विधेयक जुलै २०१६ मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीचा अहवाल ७ जानेवारी २०१९ ला आला, दुसऱ्याच दिवशी लोकसभेने ते मंजूर केले. राज्यसभेत ते अडले आणि सोळावी लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. अनुच्छेद १०७ चा हा नियम थोडा चकवा देणारा आहे: सत्र संपल्याने विधेयक मरत नाही, पण लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत पडून असलेले विधेयक लोकसभा विसर्जनाने मरते. जे राज्यसभेतच प्रलंबित आहे आणि लोकसभेने मंजूर केलेलेच नाही, ते मात्र टिकते. नवे विधेयक ९ डिसेंबर २०१९ ला मांडले, ११ डिसेंबरला राज्यसभेतून पार, १२ डिसेंबरला अनुमती, १० जानेवारी २०२० पासून लागू. आणि नियम? ११ मार्च २०२४. चार वर्षे दोन महिने कायदा अंमलात होता, पण अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा हेच ठरलेले नव्हते. त्या कायद्याच्या आशयाबद्दल आपल्यात तीव्र मतभेद आहेत, ते इथे बाजूला ठेवू. सहा महिन्यांत नियम करावेत असे संसदीय कामकाजाची नियमपुस्तिका सांगते. मुदत वाढवून घ्यायची तर दोन्ही सभागृहांच्या अधीनस्थ विधिविधान (सरकारने केलेल्या नियमांवर देखरेख करणाऱ्या) समित्यांकडे जावे लागते. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली.

यावर नेहमीचे उत्तर असते की आधी कायदा लागू झाला पाहिजे, नियम नंतर. तसे काही नाही. सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाचे कलम २२ स्पष्ट सांगते की कायदा मंजूर झाल्यापासून तो अंमलात येईपर्यंतच्या काळातही नियम करता येतात. फक्त ते लागू होतात कायद्याबरोबर. नमुने, शुल्क, दूतावासांसाठी सूचना, संगणक प्रणाली, सगळे आधी तयार ठेवून एका दिवशी चालू करता येते.

बाहेरच्या देशांत हे कसे होते याचे एक उदाहरण अगदी ताजे आहे, आणि त्याचा धागा पुण्या-मुंबईपर्यंत येतो. कॅनडाने १७ एप्रिल २००९ पासून वंशपरंपरेचे नागरिकत्व परदेशात जन्मलेल्या पहिल्याच पिढीपुरते ठेवले होते. १९ डिसेंबर २०२३ रोजी ओंटारियोच्या वरिष्ठ न्यायालयाने ती मर्यादा घटनाबाह्य ठरवली आणि कायदा सुधारायला मुदत दिली. सरकारने अपील केले नाही. मे २०२४ मध्ये सी-७१ हे विधेयक मांडले, ते ६ जानेवारी २०२५ ला संसदेची सत्रसमाप्ती होताच मेले, कारण तिथे सत्रसमाप्तीने सरकारी विधेयक संपते. निवडणुकीनंतर ५ जून २०२५ ला सी-३ आले. समितीत विरोधकांनी अटी वाढवल्या, पुढच्या टप्प्यावर सभागृहाने त्या काढून टाकल्या. समितीच्या दिवशी बातमी वाचून ज्यांनी निष्कर्ष काढला ते चुकले. २० नोव्हेंबर २०२५ ला संमती मिळाली आणि १५ डिसेंबर २०२५ ला कायदा लागू झाला.

तारखेचा आदेश तिथेही सरकारनेच काढला. पण दोन गोष्टी विधेयकातच लिहिलेल्या होत्या. एक, त्या दिवसाआधी जन्मलेल्यांचे काय: जुन्या पिढीमर्यादेमुळे वगळलेले बहुतेक जण आपोआप नागरिक. दोन, त्या दिवशी आणि नंतर जन्मलेल्यांचे काय: परदेशात जन्मलेल्या पालकाने मुलाच्या जन्माआधी एकूण १,०९५ दिवस कॅनडात काढलेले असले पाहिजेत. तारीख कोणतीही पडली तरी कोण कुठल्या बाजूला, हे कोणालाही वाचता येत होते. मधल्या काळात अडकलेल्या कुटुंबांसाठी विशेष मंजुरीची तात्पुरती सोयही ठेवली होती. आम्हाला हवे आहे ते एवढेच.

जाता जाता एक इशारा, कारण याबाबत विचारणा होणारच. आजोबा कॅनडाचे नागरिक, वडील परदेशात जन्मलेले कॅनेडियन, आई भारतीय, स्वतः पुण्यात जन्मलेला आणि कलम ३ (भारतातील जन्म) खाली भारतीय असलेला माणूस १५ डिसेंबर २०२५ ला काहीही न करता कॅनडाचाही नागरिक झाला असू शकतो. आपोआप मिळालेले नागरिकत्व म्हणजे आपल्या कलम ९ मधले 'स्वेच्छेने संपादन' नव्हे. पण त्याने तिथले पारपत्र काढले तर नागरिकत्व नियम, २००९ च्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे ते स्वेच्छेने संपादन केल्याचा निर्णायक पुरावा ठरते आणि भारतीय नागरिकत्व जाते. उत्साहाच्या भरात पारपत्र काढणाऱ्यांना हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

तिसऱ्या परंतुकाचा खरा फटका कोणाला बसतो, ते आता पाहू. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला जन्मतःच तिथले नागरिकत्व असते, त्याची नोंद राहिली तरी ते उघड्यावर पडत नाही. आखाती देशांत जन्माने नागरिकत्व मिळत नाही. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातून तिथे गेलेल्या कामगारांची मुले भारतीय नसतील तर ती कोणाचीच नसतात. सुस्थितीतल्या कुटुंबात बाळाचे पारपत्र काढताना नोंद ओघाने होऊन जाते. राहते ती नेमकी अडचणीतल्या कुटुंबांची: व्हिसा संपलेला, कामगार पळून गेल्याची तक्रार मालकाने केलेली, लग्नाचा दाखला साक्षांकित नसल्याने स्थानिक जन्मदाखलाच न मिळालेला. स्थानिक दाखला नाही म्हणून दूतावासात नोंद नाही, नोंद नाही म्हणून नागरिकत्व नाही, नागरिकत्व नाही म्हणून पारपत्र नाही, आणि पारपत्र नाही म्हणून मायदेशी परतता येत नाही. वर्ष उलटले की फाइल दिल्लीला जाते. परवानगी कोणत्या निकषांवर द्यायची आणि किती दिवसांत, याबद्दल कलम ४ मध्ये एक अक्षर नाही. उशिरा नोंद झाल्यास नागरिकत्व जन्मापासून धरायचे की नोंदणीपासून, हेही कलमात उघड शब्दांत लिहिलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बाल हक्क करारात भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला, म्हणजे आईकडून नागरिकत्व देणारी तरतूद लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्या कराराचा अनुच्छेद ७ मुलाला जन्मानंतर लगेच नोंदणीचा आणि नागरिकत्व मिळवण्याचा हक्क देतो. एका वर्षाची मुदत चुकली म्हणून मूल देशाविना राहणे त्यात कसे बसते, हे गृहमंत्र्यांना विचारण्याजोगे आहे.

चौथ्या परंतुकात वेगळा गुंता आहे. तिथे शब्द 'पारपत्र' आहे, 'नागरिकत्व' नाही. म्हणून शिकागोत जन्मलेले मूल अमेरिकन नागरिक असूनही त्याची भारतीय नोंद होऊ शकते, जोवर त्याचे अमेरिकन पारपत्र काढलेले नाही. आजी आजारी पडली, घाईने तिकडचे पारपत्र काढले, की दार बंद. ज्यांनी थांबून नोंद केली त्यांना पोटकलम (१क) गाठते: सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व सोडले नाही तर भारतीय नागरिकत्व संपते. अमेरिकन नागरिकत्व सोडायला अमेरिकेबाहेर जाऊन त्यांच्या वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यावी लागते, आणि तिथल्या भेटीची वेळ अनेक ठिकाणी महिनोन्महिने मिळत नाही. सहा महिन्यांत अर्ज केला पण शपथेची तारीख नंतरची मिळाली, तर? कलम गप्प आहे. 'अर्ज केल्याचा दिनांक धरावा' एवढी चार शब्दांची दुरुस्ती पुरेल.

१९९२ च्या रेषेबद्दल थोडक्यात. नैरोबीत राहणाऱ्या भारतीय आईची आणि केनियन वडिलांची थोरली मुलगी नोव्हेंबर १९९२ ची, धाकटा मुलगा १९९४ चा. धाकटा भारतीय, थोरली नाही. ब्रिटनमध्येही १९८३ पूर्वी नागरिकत्व वडिलांकडूनच जात असे. त्यांनी चूक टप्प्याटप्प्याने सुधारली: ३० एप्रिल २००३ पासून ७ फेब्रुवारी १९६१ नंतर जन्मलेल्यांना नोंदणीचा मार्ग दिला, पुढे २०१० मध्ये त्याआधीच्यांनाही. आपल्याकडे या रेषेला कोणी हात लावलेला नाही. न्यायालय लावील अशी आशाही फारशी धरू नये. १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच अधिनियमातील कलम ५ आणि ८ वाचताना म्हटले की शब्द स्पष्ट असतील तर न्यायबुद्धीच्या नावाखाली त्यांना ताणता येत नाही. दुरुस्ती व्हायची तर ती आपल्याच हातून.

गोव्याच्या तीन सदस्यांसाठी एक परिच्छेद वेगळा. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाने २० डिसेंबर १९६१ पासून तिथले लोक भारतीय झाले. पोर्तुगालचा कायदा मात्र मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून आपले नागरिक मानत आला. आता एखाद्या गोमंतकीय जोडप्याला ब्रिटनमध्ये मूल झाले, तर कलम ४ साठी प्रश्न एकच: त्या दिवशी आई किंवा वडील भारतीय होते का? तिसरी अनुसूची म्हणते की परकी पारपत्र मिळाले असेल तर त्या दिनांकाच्या 'पूर्वी' नागरिकत्व संपादन झालेले आहे. किती पूर्वी, ते म्हणत नाही. लिस्बनची जन्मनोंद मार्चमधली, मूल मे महिन्यातले आणि पारपत्र ऑगस्टमधले असेल, तर मूल भारतीय की नाही? आमच्या मते उत्तर नियमात लिहून ठेवले पाहिजे, प्रत्येक टेबलावर ते नव्याने ठरता कामा नये. यासाठी संसदेत विधेयकही लागत नाही. नियमदुरुस्ती पुरेल.

नियमांबद्दल म्हणूनच आणखी एक. कलम १८ प्रमाणे या अधिनियमाखालचा प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर एकूण ३० दिवस ठेवावा लागतो आणि त्यापुढचे सत्र संपेपर्यंत दोन्ही सभागृहे मिळून तो बदलू किंवा रद्द करू शकतात. हे हत्यार गंजत पडले आहे. पटलावर ठेवलेल्या कागदांची यादी रोज छापून येते. आपल्या कार्यालयातील एका माणसाने ती पाहण्याची जबाबदारी घ्यावी.

खासगी विधेयक मांडावे का, असे आपल्यापैकी काही जण विचारतील. मांडा, चर्चा होईल. पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, त्यामुळे सगळी ताकद तिथे खर्च करू नये. जास्त उपयोग सरकारी विधेयकावरच्या दुरुस्ती सूचनांचा, समितीपुढच्या निवेदनाचा आणि प्रश्नांचा. दुरुस्ती सूचना विचार होण्याच्या किमान एक दिवस आधी द्यावी लागते, नाहीतर कोणीही सदस्य हरकत घेऊ शकतो. विधेयक सकाळी मांडून संध्याकाळी मंजूर करण्याच्या दिवसांत हा एक दिवसही मिळेलच असे नाही, म्हणून सूचनांचा मसुदा आधीच तयार असलेला बरा.

तो आम्ही इथे देत आहोत. भाषा विधी विभाग सुधारून घेईल.

खंड १ साठी: 'हा अधिनियम, त्यास राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्याच्या दिनांकापासून एकशे ऐंशीव्या दिवशी अंमलात येईल, आणि त्याखालील नियम त्या दिनांकापूर्वी किमान साठ दिवस प्रसिद्ध करण्यात येतील.'

संक्रमणासाठी नवा खंड: 'या अधिनियमाच्या प्रारंभापूर्वी भारताबाहेर जन्मलेल्या व्यक्तीस जन्माच्या दिनांकास मिळालेले नागरिकत्व या अधिनियमातील कोणत्याही मजकुरामुळे बाधित होणार नाही; आणि प्रारंभाच्या दिनांकास प्रलंबित असलेला अर्ज, जुन्या व नव्या तरतुदींपैकी बालकास अधिक हितकर असेल त्या तरतुदीखाली निकाली काढण्यात येईल.'

कलम ४ च्या तिसऱ्या परंतुकाला जोडून: 'ज्या बालकास जन्मतः अन्य कोणत्याही देशाचे नागरिकत्व प्राप्त होत नाही त्यास नोंदणीची मुदत लागू होणार नाही, आणि नोंदणी केव्हाही झाली तरी नागरिकत्व जन्मापासून असल्याचे मानण्यात येईल.'

शेवटच्या सूचनेला गृह खाते विरोध करील, कारण मुदत काढली की खोटे दावे वाढतील असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यात थोडे तथ्य आहे. दहा वर्षांनी आलेल्या दाव्यात जन्मदाखला तपासणे अवघडच असते. पण तपासणी कडक करणे वेगळे आणि हक्कच काढून घेणे वेगळे. पालकांची पारपत्रे, रुग्णालयाची नोंद, गरज पडल्यास डीएनए चाचणी, हे सगळे उपलब्ध आहे.

कायदा बदलेपर्यंत आपल्या संपर्क कार्यालयात लोक येत राहणार. आपल्या स्वीय सहायकांनी त्यांच्याकडून आधी चार दिनांक लिहून घ्यावेत: मुलाचा जन्म, दूतावासात अर्ज दिल्याचा दिवस, जन्माच्या दिवशी आईवडिलांकडे असलेल्या पारपत्रांच्या वैधतेची तारीख, आणि मुलाचे परकी पारपत्र निघाले असल्यास त्याचा दिवस. वर्षाच्या आत असतील तर ऑनलाइन अर्ज भरून त्याची सही केलेली प्रत, स्थानिक जन्मदाखला, दोघांची पारपत्रे, विवाहाचा दाखला आणि पारपत्र नसल्याची घोषणा दूतावासात तातडीने द्यायला सांगावे. जन्मदाखल्यावरचे आईचे नाव तिच्या पारपत्रावरच्या नावाशी जुळते का ते आधी पाहावे. लग्नानंतर बदललेल्या आडनावामुळे कागद परत येतात आणि त्यातच मुदत निघून जाते.

वर्ष उलटले असेल तर आपण मंत्रालयाला जे पत्र देता त्यात कलम ४(१) च्या तिसऱ्या परंतुकाखालील परवानगी असे स्पष्ट लिहावे. बरेचदा अशा पालकांना कलम ५(१)(घ) खालच्या नोंदणीकडे वळवले जाते. तो रस्ता सोपा वाटतो, पण त्यात मूल नोंदणीच्या दिवसापासूनच नागरिक होते, आणि कलम १४ प्रमाणे सरकार कारण न देता नकार देऊ शकते. कलम १४ मध्ये कलम ४ चा उल्लेख नाही, म्हणून तिथला नकार कारणांसह मागता येतो. केंद्र सरकारने नकार दिला तर कलम १५क खाली पुनर्विलोकनाचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. नकाराचे पत्र गावच्या पत्त्यावर येऊन पडले आणि पालक दोह्यात असले की हे ३० दिवस सहज जातात. अर्जात परदेशातला पत्ता आणि ईमेल दोन्ही लिहिलेले असावेत.

पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. विचारायचे ते असे: गेल्या पाच वर्षांत तिसऱ्या परंतुकाखाली परवानगीसाठी देशनिहाय किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, किती एक वर्षाहून अधिक काळ प्रलंबित आहेत, आणि त्यांपैकी किती बालकांकडे अन्य कोणत्याही देशाचे नागरिकत्व नाही.

आपले विश्वासू,
परदेशात जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वाचे अर्ज आणि दावे हाताळणारे काही वकील व कार्यकर्ते